सपाट काचेचे कैवारी

सपाट आरसा खरे बोलतो आणि फुगीर आरसा खोटे बोलतो, असे एक मत आमच्या तांबरममधील मराठी मंडळींत अलीकडे बरीच प्रतिष्ठा पावले आहे. मत साधे आहे, ऐकताक्षणी पटण्यासारखे आहे, आणि त्याचे प्रतिपादन करणारे गृहस्थ सुविद्य आहेत. म्हणूनच त्याचा समाचार घेणे आम्हांस अगत्याचे वाटते. एखादा गाडीवाला पैशांच्या अडचणीपायी चुकीची काच बसवितो, तेव्हा तो निदान तिचे तत्त्वज्ञान सांगत बसत नाही. आमची मंडळी ते सांगतात, आणि ऐकणारे माना डोलावतात.

वाद आहे तो पिकअप गाडीच्या बाहेरच्या आरशांचा, त्यांतही मुख्यतः डाव्या आरशाचा. कारखान्यातून गाडी येते ती या ठिकाणी बहिर्वक्र, म्हणजे किंचित फुगीर, काच घेऊन. ती फुटली की तिच्या जागी सपाट काच बसविण्याचा प्रघात पडला आहे. पूर्वी हे काटकसर म्हणून होत असे. आता ते सुधारणा म्हणून होऊ लागले आहे. आमच्या परिचयाच्या एका अधिकाऱ्यांनी तर आपल्या मालकीच्या नव्या पिकअपच्या न फुटलेल्या काचा काढून दोन्ही बाजूंना सपाट काचा बसवून घेतल्या, आणि ‘आता मागची गाडी जिथे आहे तिथेच दिसते’ असे ते चारचौघांत अभिमानाने सांगतात. गाडी त्यांची आहे, काचही त्यांची आहे. परंतु डाव्या बाजूने येणारा स्कूटरवाला त्यांचा नाही, आणि आमचे सारे म्हणणे त्या स्कूटरवाल्याच्या वतीने आहे.

परमुलखात नोकरी करणाऱ्या आम्हां लोकांचा पिकअपशी संबंध दोन-तीन वर्षांनी एकदा तरी येतोच. बदलीचा हुकूम निघाला, क्वार्टर मिळाले, क्वार्टर सोडावे लागले, की कपाट, पलंग, देवघर आणि पुस्तकांची खोकी तिच्यावर चढतात. या जातीच्या लहान गाडीला आपल्याकडे छोटा हत्ती म्हणतात. तमिळ लोक तिला ‘कुट्टि यानै’ म्हणतात, म्हणजे हत्तीचे पिल्लूच. दोन भाषांचे एकमत इतक्या सहज क्वचितच होते. नावही अन्वर्थक आहे, कारण अंगाच्या मानाने डोळे लहान. पश्चिम तांबरममध्ये षण्मुगम रोडच्या बाजारात माल उतरविताना, हातगाड्या आणि रिक्षा यांच्यामधून अंग चोरून निघताना, या लहान डोळ्यांपैकी डावा डोळा आधी फुटतो. मूळ काच पुदुपेट्टैच्या सुट्या भागांच्या बाजारात मिळते, पण तेथवर जाण्यात एक खेप बुडते. काचवाला मात्र जवळच असतो. तो न्हाणीघरात लावावयाच्या आरशाचा तुकडा घेतो, जुन्या काचेच्या मापाची रेघ मारतो, हिरकणी फिरवतो आणि पाच मिनिटांत काच हाती ठेवतो. तमिळ भाषेत काच, आरसा आणि चष्मा या तिन्ही वस्तूंना ‘कण्णाडि’ हा एकच शब्द चालतो. तेव्हा कण्णाडि मागितली आणि कण्णाडि मिळाली, यात कोणाचीच फसवणूक झाली असे वाटत नाही. आपल्या भाषेत काच निराळी आणि आरसा निराळा, तरी आपण तीच गल्लत करतो, त्याला काय म्हणावे?

कैवाऱ्यांची बाजू आम्ही आधी पूर्ण मांडतो. तिच्यात तथ्य नाही असे मुळीच नाही. बहिर्वक्र आरशातील प्रतिमा वस्तूहून लहान असते, हे आपण शाळेत शिकलो आहो. लहान दिसणारी वस्तू मनाला दूरची वाटते. किती दूरची, हे काढणे कठीण नाही. युरोपीय नियमांत या वर्गाच्या मुख्य बाहेरील आरशांची वक्रतेची त्रिज्या १,२०० मिलिमीटरांहून कमी नसावी असे आहे. तेव्हा तीच त्रिज्या धरू. पिकअपच्या चालकाच्या डोळ्यापासून उजवा आरसा सुमारे ७० सेंटिमीटर, आणि डावा सुमारे १३० सेंटिमीटर अंतरावर असतो असे मानू. आरशामागे २० मीटरांवर एक बस आहे. सपाट आरशात ती जवळजवळ तेवढ्याच अंतरावर दिसेल. फुगीर उजव्या आरशात तिचा आकार ४४ मीटरांवरील बसएवढा, आणि फुगीर डाव्या आरशात तर ६५ मीटरांवरील बसएवढा भरेल. वीसचे पासष्ट! जी.एस.टी. रोडवर (वाचकांनी दचकू नये, ही २०१७ ची करप्रणाली नव्हे, हा आमचा जुना ग्रँड सदर्न ट्रंक रोड) अशा हिशेबाने एखाद्याने गाडी बाजूला घेतली तर अनर्थ ओढवेल, हे कैवाऱ्यांचे म्हणणे आम्हांस मान्य आहे. अमेरिकेत प्रवाशाच्या बाजूच्या बहिर्वक्र आरशावर, वस्तू दिसतात त्याहून जवळ आहेत, अशा अर्थाचा इशारा कोरण्याची सक्ती आहे, ती याच कारणाने. आणि आपल्याकडील कित्येक मोटारींच्या डाव्या आरशावरही ते इंग्रजी वाक्य आढळते.

येथवर कैवारी बरोबर आहेत. पण यापुढचा हिशेब ते करीत नाहीत. आरसा जे दाखवितो ते कसे दाखवितो, एवढेच ते विचारतात. आरसा काय दाखवीतच नाही, हा प्रश्न त्यांच्या मनाला शिवत नाही. तो हिशेबही आम्ही वरीलच मापांनी केला आहे. डावा आरसा १५ सेंटिमीटर रुंद आहे असे धरा. तो सपाट असेल तर आरशापासून पाच मीटर मागे रस्त्याची जेमतेम पाऊण मीटर रुंदीची पट्टी चालकास दिसते. फुगीर असेल तर तेथेच दोन मीटर रुंदीची पट्टी दिसते. दहा मीटर मागे सपाट आरशाची पट्टी सव्वा मीटरांच्या थोडी पुढे जाते. फुगीर आरशाची पावणेचार मीटरांपलीकडे, म्हणजे एका संपूर्ण लेनहून अधिक. आता पाऊण मीटर म्हणजे काय, हे पाहा. एका स्कूटरच्या हँडलची रुंदी सत्तर सेंटिमीटरांच्या आसपास असते. शिवाय त्या पट्टीचा काही भाग गाडीच्या स्वतःच्या फाळक्यानेच व्यापलेला असतो. म्हणजे ज्या आरशाचे सत्यवचन म्हणून कौतुक चालले आहे, त्यात पाच मीटरांवरील अर्धी स्कूटर मावते. आणि ती हातभर डावीकडे सरकली की तीही नाहीशी होते.

दूरचे जवळ वाटणे, जवळचे दूर वाटणे, हे दृष्टीचे दोष आहेत आणि सवयीने ते पुष्कळसे सुधारतात. चालकाला रोज तोच आरसा, तीच जागा, तोच लहान आकार. महिनाभरात त्याचे मन आकड्यांची फेड करावयास शिकते. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी या विषयावर पुष्कळ काम केले आहे. बहिर्वक्र आरशात माणसे अंतर अधिक धरतात हे त्यांनाही आढळले, परंतु नुसत्या भूमितीवरून अपेक्षावे तितके अधिक ती धरीत नाहीत, हेही आढळले. १९९० च्या दशकात त्यांनी फिनलंडमधील अपघातांच्या नोंदी तपासल्या, कारण त्या देशात चालकाच्या बाजूला सपाट आणि वक्र अशा दोन्ही प्रकारचे आरसे असलेल्या मोटारी धावत होत्या. लेन बदलताना होणारे अपघात सपाट आरशांच्या गाड्यांपेक्षा वक्र आरशांच्या गाड्यांत कमी निघाले. खोटे बोलणाऱ्या आरशाने माणसे वाचविली, असा याचा अर्थ कैवाऱ्यांच्या भाषेत करावा लागेल. आम्ही इतकेच म्हणतो, की लहान का होईना, जे दिसते त्याबद्दल मनुष्य सावध होतो. जे दिसतच नाही त्याविषयी सावध होण्याची सवय जन्मभर गाडी हाकूनही लागत नाही.

फिनलंड दूर राहिले. आपण आपल्या रस्त्यावर येऊ. तांबरमचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग लोहमार्गाने व या हमरस्त्याने केले आहेत. स्टेशनातून बाहेर पडणारी माणसे रस्त्याच्या कडेला उभी असतात. बस डावीकडे थांबते, शेअर रिक्षा तिच्यापुढे घुसते, आणि या दोहोंमधून दुचाकीवाला पिकअपच्या डाव्या अंगाने पुढे काढतो. ३० डिसेंबर २०२३ रोजी किलांबाक्कमचे नवे बसस्थानक सुरू झाल्यापासून दक्षिणेकडचा प्रवासी तेथे पोहोचण्यासाठी याच रस्त्याने जातो. पूर्वेकडे सेलैयूरच्या अंगाला कॅम्प रोडच्या चौकात डावीकडे वळणारी पिकअप पाहावी. वळण्याच्या क्षणी तिच्या डाव्या चाकाजवळ एखादी दुचाकी नाही असे क्वचितच घडते. उजवीकडून ओलांडावे, हा नियम पुस्तकात आहे. दुचाकीवाला नियम मोडतो हे खरे. पण नियम मोडणाऱ्यास देहदंड द्यावा आणि तो पिकअपच्या मागच्या चाकाने द्यावा, असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. आणि दर वेळी तो नियम मोडीत असतो असेही नाही. पुष्कळदा तो आपल्या जागी सरळ चाललेला असतो आणि पिकअपच दुकान शोधीत डावीकडे येते.

केंद्रीय परिवहन मंत्रालयाचा २०२२ सालचा अपघातांचा अहवाल आमच्यापुढे आहे. त्या वर्षी देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत दुचाकीवरची ४४.५ टक्के आणि पायी चालणारी १९.५ टक्के होती. अपघातांच्या संख्येत तमिळनाडू देशात पहिला होता: ६४,१०५. ही माणसे आरशामुळे मेली असे आम्ही म्हणत नाही, आणि तसे म्हणणे लबाडीचे होईल. पण मरणाऱ्यांत जेथे तिघांपैकी जवळजवळ दोघे दुचाकीवरचे किंवा पायी चालणारे असतात, त्या देशात आरसा निवडताना कोणाचा विचार आधी करावयाचा, हे ठरविण्यास याहून अधिक आकडे लागू नयेत. मागून येणारी बस सपाट आरशातही दिसते आणि फुगीर आरशातही दिसते. तिला आपली काळजी घेता येते. प्रश्न शेजारच्या माणसाचा आहे.

या डाव्या आरशाला एक पूर्वज होता, त्याची येथे आठवण करणे योग्य होईल. तो म्हणजे क्लीनर. जुन्या लॉरीच्या डाव्या दारात एक पोरगा अर्धा बाहेर लोंबकळत असे. तो दारावर थाप मारी, ओरडे, शेजारच्या सायकलवाल्यास हाताने थोपवी आणि चालकास ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणे. दक्षिणेतील बसचा कंडक्टर अजून ‘पोलाम् रैट्’ म्हणतो, तो त्याच घराण्यातला. आरशाचा जन्मच मुळी अशा माणसाच्या जागी झाला. १९११ साली इंडियानापोलिस येथे पाचशे मैलांची पहिली शर्यत झाली, तेव्हा इतर गाड्यांत चालकाबरोबर मागे नजर ठेवणारा एक मेकॅनिक बसला होता; रे हॅरून हा एकटाच बसला, मेकॅनिकाच्या ऐवजी त्याने आरसा लावला, आणि शर्यतही जिंकली. आमच्या लहान पिकअपनेही क्लीनरला रजा दिली. भाड्याच्या हिशेबात त्याची मजुरी परवडत नव्हती. ठीक आहे. पण त्याचे काम तर कोणीतरी करावयास हवे? ते फुगीर काचेकडे आले होते. आता तिलाही काढून टाकल्यावर डाव्या बाजूला राहिले कोण? राहिला हॉर्न, आणि तो तर दुसऱ्यांनी आपणांस पाहावे म्हणून वाजवावयाचा असतो!

यावर कैवारी अमेरिका पुढे करतात. आमच्या मंडळींच्या घरी एखादा मुलगा किंवा भाचा तिकडे असतोच, आणि तेथील मोटारीत चालकाच्या बाजूचा आरसा सपाट असतो हे त्याने पत्राने वा फोनने कळविलेले असते. गोष्ट खरी आहे. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे मोटारीच्या चालकाच्या बाजूचा आरसा सपाटच लागतो. परंतु त्याच नियमात प्रवाशाच्या बाजूस बहिर्वक्र आरशाला मान्यता आहे, आणि त्याची त्रिज्या ८८९ पासून १,६५१ मिलिमीटरांपर्यंत असावी असे बारकाईने सांगितले आहे. ते भाच्याने कळविलेले नसते. कैवाऱ्यांच्या हाती देण्यासारखा एक पुरावा आम्हीच देतो: तेथे पिकअपसारख्या हलक्या ट्रकला दोन्ही बाजूंस सपाट आरसे लावण्याची मुभा आहे, मात्र प्रत्येक आरसा निदान १२६ चौरस सेंटिमीटरांचा हवा. पण ही मुभा घेणारा देश कोणता? जेथे लेनच्या मर्यादा पाळल्या जातात, जेथे दुचाकीवर कुटुंबाची ने-आण होत नाही, जेथील मोठ्या पिकअपांच्या आरशात पुष्कळदा वर सपाट आणि खाली फुगीर असे दोन भाग करतात, आणि जेथे मे २०१८ पासून नव्या हलक्या गाड्यांना मागे पाहणारा कॅमेरा सक्तीचा आहे. एवढा सरंजाम मागे ठेवून तेथली फक्त सपाट काच उचलून आणणे म्हणजे साहेबाचे अनुकरण त्याच्या टोपीपुरते करण्यासारखे आहे.

युरोपात तर चित्र उलटे आहे. तेथील नियमांना सपाट आरसाही चालतो, पण रस्त्यावर सर्रास आढळतात ते दोन्ही बाजूंस वक्र. अवजड ट्रक प्रवाशाच्या बाजूस वळताना सायकलस्वार व पादचारी त्यांच्या अंगाखाली सापडतात, हे पाहून युरोपीय संघाने २००७ साली एक निर्देश काढला, आणि २००० सालानंतर नोंदलेल्या जुन्या ट्रकांनाही त्या बाजूला अधिक विस्तृत दृष्टीचे आरसे ३१ मार्च २००९ पर्यंत लावून घेण्यास भाग पाडले. नवीन गाड्यांपुरते थांबले नाहीत. रस्त्यावर धावणाऱ्या जुन्या गाड्या थांबवून त्यांना वक्र काचा दिल्या. आपण रस्त्यावरच्या नव्या गाड्या थांबवून त्यांच्या वक्र काचा काढतो आहो.

आता कायद्याचे. आमचा वाचकवर्ग सरकारी असल्याने कलमांशिवाय त्याचे समाधान होणार नाही. एका कैवाऱ्यांनी आम्हांस सुनावले, की मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ने जो बदल मना केला आहे तो नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत होणारा बदल. नोंदणीपत्रात आरशाचा उल्लेख नसतो, सबब काच बदलणे हा बदलच नव्हे. युक्तिवाद नामी आहे; लेखापरीक्षेच्या आक्षेपास उत्तर म्हणून आम्हीही तो सुचविला असता. पण कायदा एका कलमाचा नसतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये आरशाविषयी निराळा नियम आहे, आणि त्याचा रोख चालकास मागचे स्पष्ट दिसावे यावर आहे. चौकटीत काहीतरी चकाकणारे असावे यावर नाही. आरसा कसा असावा व कोठे बसवावा यासाठी ए.आय.एस. ००१ आणि ००२ ही दोन प्रमाणके आहेत. ती काढणारी संस्था कोण, तर पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन, जिच्या नावाने कोथरूडची टेकडी ओळखली जाते आणि जिची स्थापना १९६६ साली झाली. संध्याकाळी त्या टेकडीवर फिरावयास गेलेले आमच्यापैकी पुष्कळ असतील. तेथे तपासून मान्य झालेली वस्तू तांबरमच्या काचवाल्याकडून बदलून घेताना आपण कोणाचे श्रम फुकट घालवितो, याचा निदान पुणेकरांनी तरी विचार करावा. (पुणेकर विचार करतील; आणि मग आपलेच म्हणणे खरे करतील, ही गोष्ट निराळी.)

मालवाहू गाडीला योग्यतेचा दाखला वेळोवेळी घ्यावा लागतो आणि त्या तपासणीत आरसाही पाहिला जातो. पण आरसा आहे की नाही हे पाहणे सोपे, आणि आरसा कोणत्या जातीचा आहे हे पाहणे त्रासाचे. आम्ही या बाबतीत दुसऱ्याकडे बोट दाखविणार नाही, कारण आमच्याच वर्गाच्या हातांतून भाड्याच्या वाहनांच्या निविदा जातात. आमच्या मेजावरून गेलेल्या अटी आम्हांस पाठ आहेत. गाडी अमुक वर्षानंतरची असावी. परवाना आणि विमा चालू असावा. चालक गणवेशात असावा व त्याजजवळ फोन असावा. नोंदवही रोज भरावी. आसनांवर शुभ्र आच्छादने असावीत आणि ती वेळच्या वेळी धुतलेली असावीत. साहेबांच्या पाठीमागच्या टॉवेलाविषयी दोन ओळी सापडतील. साहेबांच्या गाडीच्या डाव्या अंगाने जाणाऱ्या माणसाविषयी एक शब्द सापडणार नाही. सरकारी ई-बाजारपेठ २०१६ साली आली, निविदा कागदावरून पडद्यावर गेल्या, पण टॉवेल तेवढा पडद्यावरही गेला आणि आरसा मात्र गेला नाही. या अटी वरून येतात असे म्हणून हात झटकणे खोटे आहे. त्यांचा मसुदा कारकून करतो. आणि मसुद्यात एक ओळ वाढविली म्हणून कोणाची वेतनवाढ अडल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

काचेच्या प्रतीविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे. घरगुती आरशाला पारा मागच्या बाजूस असतो. रात्री मागच्या लॉरीचे दिवे त्यात पडले की काचेच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही पृष्ठांवरून प्रकाश परततो आणि एका दिव्याशेजारी दुसरा फिका दिवा उभा राहतो. बरे, सपाट काचेत त्या दिव्यांचा झोत जसाच्या तसा डोळ्यांवर येतो. फुगीर काच तोच प्रकाश पसरवून सौम्य करते. वाहनांच्या आरशांना आघाताची चाचणी द्यावी लागते, फुटलेच तर तुकडे उडू नयेत अशी योजना असते. न्हाणीघरातील आरशाने असली कोणतीच परीक्षा दिलेली नसते. तो एम-सीलने चिकटविलेला असतो आणि खड्ड्याखड्ड्यांत थरथरत असतो. थरथरणाऱ्या आरशात सत्य कितीसे टिकते, हे कैवाऱ्यांनी एकदा तांबरमहून मुडिचूर रोडने पावसाळ्यात जाऊन पाहावे. कडा घासलेल्या नसतात, त्यामुळे ज्या स्कूटरवाल्याला तो दाखवीत नाही, त्याच्याच कोपराला ओरखडा मात्र काढू शकतो.

गाडीवाल्यावर आमचा राग नाही, हे आम्ही पुन्हा सांगतो. त्याची एक खेप बुडणे म्हणजे त्या दिवसाची चूल अर्धी विझणे होय. त्याला पाच मिनिटांत मिळणारी काच स्वस्त वाटते, यात नवल नाही. राग आहे तो ज्यांना पुदुपेट्टैस जावयाला आठवड्याची सुटी आहे, पदरी पैसा आहे, आणि तरीही जे भौतिकशास्त्राचे अर्धे पान वाचून आपली फुगीर काच उपटून टाकतात, त्यांच्यावर. त्यांच्यामुळे गाडीवाल्याच्या नाइलाजाला विद्वत्तेचा शिक्का मिळतो.

उजव्या आरशाविषयी आम्ही आग्रह धरीत नाही. तो डोळ्याजवळ असतो, चालक खिडकीतून मान वळवून पाहू शकतो, आणि ओलांडण्यासाठी मागच्या बसचे अंतर तेथेच अचूक कळावयास हवे. तेव्हा कोणास तेथे सपाट काच हवीच असेल तर ती वाहनासाठी बनविलेली असावी, आणि तिच्या कोपऱ्यात बाजारात मिळणारी लहान गोल फुगीर चकती चिकटवावी. तिला दोन माणसांच्या साध्या जेवणाइतकाही खर्च येत नाही. डाव्या बाजूला मात्र अशी तडजोड आम्हांस मान्य नाही, कारण सव्वा मीटरावरून ती चकती चालकास रुपयाएवढी दिसते आणि तिच्यातील स्कूटर मुंगीएवढी.

राहता राहिले, काच फुगीर आहे की सपाट हे ओळखावयाचे कसे. हा फुगवटा डोळ्यांना कळत नाही; १,२०० मिलिमीटर त्रिज्येच्या, १५ सेंटिमीटर रुंदीच्या काचेत तो मध्यभागी सव्वादोन मिलिमीटरांच्या आसपास असतो. एवढ्यासाठी हा सारा वाद आहे. कार्यालयातील फूटपट्टी घेऊन तिची कड काचेवर आडवी ठेवावी. पट्टी सपाट बसली आणि कडेला प्रकाशाची फट दिसली नाही, तर काच न्हाणीघरातली. पट्टी मध्यावर टेकून दोन्हीकडे डुलू लागली, तर काच गाडीची. पट्टी जवळ नसेल तर आरशापासून मीटरभर अंतरावर उभे राहून आपले तोंड पाहावे. घरच्या आरशात त्या अंतरावरून दिसते त्याच्या निम्म्याएवढेच दिसले, तर काळजी नको. ही परीक्षा बदलीचे सामान चढविण्यापूर्वी करावी, भाडे ठरविण्यापूर्वी केली तर अधिक बरे. आणि निविदेच्या मसुद्यात, ‘वाहनाचा डावा बाह्य आरसा निर्मात्याने दिलेल्या बहिर्वक्र प्रकाराचा व अभंग असावा’ ही ओळ टॉवेलाच्या वर घालावी. काच सपाट निघाली आणि ट्रेन वा हजर होण्याची तारीख थांबणारी नसेल, तर चढविलेले सामान उतरवू नये. घरातील एका धडधाकट माणसाने चालकाच्या शेजारी डाव्या खिडकीत बसावे, मान बाहेर काढावी, आणि नवीन क्वार्टरच्या फाटकापर्यंत क्लीनरचे काम करावे.